दाराची उंची

यंदा तंबू निवडायचं काम बाबांनी माझ्यावर सोपवलं आणि मी चक्क मोजपट्टी घेऊन दुकानात गेले! खोक्यावर ‘सहा माणसांसाठी’ लिहिलेलं असतं, त्यावर आमच्या मिनेसोटात कुणी शहाणं माणूस विश्वास ठेवत नाही. ती सहा माणसं डब्यातल्या माशांसारखी झोपतात. पण मला माणसं मोजायचीच नव्हती. मला दार मोजायचं होतं.

गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून ऑर्विल आजोबा दोन उन्हाळे आमच्याबरोबर तळ्याकाठी तंबूत राहायला आलेच नव्हते. “मला माझा पलंग बरा,” म्हणायचे. खरं कारण मला ठाऊक होतं. शेवटच्या वेळी ते तंबूतून रांगत बाहेर आले होते आणि आम्ही सगळे बघत होतो.

शनिवारी आम्ही दरवर्षीसारखा तंबू आधी अंगणात उभारून पाहिला. आत मी गुडघ्याएवढी उंच खाट, जाड गादी, गालिचा, कंदील, सगळं मांडलं.

“राणीसाहेब, झुंबर राहिलं की!” माझा भाऊ कोल्बी म्हणाला.

“तू बाहेर झोप. डासांनाही जेवण लागतं.”

तेवढ्यात आजोबा व्हरांड्यातून उतरून आले. दाराशी सवयीने वाकले, थबकले, मग ताठ मानेने आत गेले. खाटेवर बसले. मी मदतीला हात पुढे केला नाही, आणि ते मला फार जड गेलं. ते आपले आपण उठले.

“कोल्बी,” ते म्हणाले, “माझी कॉफीची किटली गाडीत ठेव. तुझ्या बापाची कॉफी म्हणजे तळ्याचं पाणी.”