तिसऱ्यांना पाच शिट्ट्या

आमच्याकडे कोल्हापुरात मटण बायकांच्या हाती देत नाहीत. पाहुणा आला की घरचा पुरुष लुंगी खोचून शेगडीपुढे उभा राहतो, आणि माझे नवरे कृष्णातराव तर या कामात स्वतःवरच खूश. राहोत बापडे. पण त्या दिवशी घरात मटण नव्हतंच, तिसऱ्या होत्या, खाडीतल्या शिंपल्या. माझ्या बाबांनी देवगडहून गगनबावडा घाटाने, एस्टीत मांडीवर ओलं गोणपाट धरून आणलेल्या.

लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं अन्न घ्यायचं नाही, हे बाबांनी हट्टाने पाळलं. यायचे, उपाशीपोटी परत जायचे. आता मला मुलगी झाली होती. लग्नानंतर प्रथमच ते माझ्या हातचं जेवणार होते. मी तिसऱ्या धुतल्या, खोबरं खवलं, नवऱ्याला बजावलं, "हात लावायचा नाही," आणि पोरीला न्हाऊ घालायला गेले.

न्हाणीत कुकरची शिट्टी ऐकू आली. साबण लागलेली पोर हातातून निसटत होती. तिच्यावर पाणी घालून आत येईतो शिट्ट्यांवर शिट्ट्या झाल्या होत्या आणि घरभर चटणीचा ठसका उठला होता.

"अहो, शिंपलं उघडलं की उतरवायच्या असतात त्या!"

"पावण्यास्नी कच्चं घालतीस व्हय? पाच शिट्ट्यांबिगर मटण मऊ हुतंय का?"

"मटण नाही ते!"

"तर्री तर बघ की आधी."

बाबांच्या ताटात रबर वाढलं गेलं. त्यांचे अर्धे दात पडलेले. एकेक तिसरी दाढेखाली फिरवून शेवटी पाण्याबरोबर गिळत होते.

"बऱ्यो झाल्यो हत, जावयबापू," ते म्हणाले.

माझं डोकंच फिरलं. नवऱ्याचा राग होताच, बाबांच्या भिडस्तपणाचा जास्त आला. मी त्यांच्यापुढचं ताट उचललं.

"पावण्यास्नी ताटावरनं उठीवतीस?" कृष्णातराव ओरडले.

"उठवत नाही. बाबा, तुम्ही बसा."

खवलेलं खोबरं तसंच पडलं होतं. त्याचं दूध काढलं, बाबांनीच आणलेली आमसुलं कुस्करली, कढी केली. गरम भातावर वाढली. बाबांनी मनगटापर्यंत ओघळ येऊ देत भुरके मारले, पुन्हा भात मागून घेतला.

"आता जेवलंय गो चेडवा," म्हणाले, आणि डोळे पुसले.

कृष्णातराव कुकर पुढ्यात ओढून एकटेच चावत बसले होते. म्हटलं, चावू देत.