ताईची साक्ष

बातमीदारबाईंना अख्खं शहर ओळखायचं, पण जेवायला एक माणूस बोलवायचा नाही. खरं लिहिणारीला घरात घेऊन कोण हात पोळून घेणार? तीस वर्षांत दोन वर्तमानपत्रं बंद पडली, नवरा सोडून गेला, आणि बाई तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत एका कपाचा चहा करत राहिल्या.

आता त्यांची वही कोर्टात होती. इस्पितळात मुदत संपलेली इंजेक्शनं टोचतात, हे एका नर्सनं सांगितलं होतं. तिचं नाव द्या म्हणून सगळे दरडावून थकले. बाईंच्या तोंडाला कुलूप. शेवटी पोलिसांनी वहीच उचलली. पण ती वाचणार कोण? आतली लघुलिपी बाबांनी स्वतः बनवलेली. बाबा गेले तेव्हा बाईंनीच कौतुकानं छापलं होतं, की ही लिपी आता आम्हा दोघी बहिणींनाच येते. छापलेलं कुणी विसरतं का!

आणि ताई त्याच कोर्टात लघुलेखिका. सव्वीस वर्षं लोकांच्या साक्षी उतरवताना काना-मात्रेचा फरक केला नाही. बाईंच्या एका बातमीनं भावोजींची नोकरी गेली, तेव्हापासून नऊ वर्षं दोघींचं बोलणं बंद होतं. बातमी खरी होती, हीच तर पंचाईत.

ताईनं शपथ घेतली, चष्मा पुसला, पानं उलटली. सत्ताविसाव्या पानावर तिचं बोट थांबलं. नर्सचं नाव तिथंच होतं. बाई बाकावरून अर्धवट उठल्या.

"वाचा," न्यायाधीश म्हणाले.

"काय वाचू, साहेब? लिपी येते मला, पण हे नुसते कोंबडीचे पाय आहेत. हिचं अक्षर लहानपणापासून कुणाला लागलं नाही."

कोर्टात हशा पिकला. वही मिटली.

बाईंनी तिला जिन्यात गाठलं. "ताई, घरी चल ना गं. चहा टाकते."

ताईचे डोळे लाल झाले होते. "अक्षर छान आहे तुझं. अगदी बाबांसारखं." तिनं कठडा घट्ट धरला. "आयुष्यात एकदाच खोटं बोलले, तेही शपथेवर. तुझं तोंड पाहिलं की तेच आठवेल. येऊ नकोस, बोलवू नकोस."

संध्याकाळी नर्सचा फोन आला. ती रडत होती. "बाई, तुमच्या ताईंना खरंच वाचता आलं नाही?"

तीस वर्षं खरं लिहिणाऱ्या बाईंनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"नाही गं," त्या म्हणाल्या. "माझं अक्षरच तसलं."

मग त्यांनी एक कप पाणी मोजून उकळत ठेवलं.