वळणापर्यंत

सहानाने पायात येणारी खुर्ची बाजूला ओढली आणि अम्माचा उजवा हात धरून हवेतल्या दारावर नेऊन ठेवला. अम्माच्या डोळ्यांवर शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमधून मागून आणलेला हेडसेट होता आणि मुठीत कंट्रोलर. पट्ट्यात तिचे केस अडकून ओढले जात होते. लॅपटॉपवर सीन सुरू झाला.

"दिसला?"

"दिसला," अम्मा म्हणाली.

पडद्यावर त्यांचंच घर होतं, टी. नगरमधल्या साड्यांच्या दुकानांमागच्या गल्लीतलं. उंबऱ्यापुढे कोलमची रांगोळी, मग पायऱ्या, फाटक, आणि फाटकाबाहेर उजवीकडे गल्लीचं वळण. पायऱ्या उतरून कार्तिकेय निघाला होता. डाव्या खांद्यावर बॅग आणि ते चपला घासत चालणं. भावाचं ते चालणं जसंच्या तसं जमवायला सहानाने अख्खी सुट्टी घालवली होती. जमलं तेव्हा ती खोलीत एकटीच नाचली होती.

मागच्या पोंगलनंतर तो असाच मित्रांबरोबर कोवलमला गेला. समुद्रावरून बॅग परत आली, चपला आल्या. तो आला नाही, त्याचं काही सापडलंही नाही. तेव्हापासून अम्माने दिवसा कधी घराचं दार लावलं नव्हतं. समोरच्या विद्यालक्ष्मी मामी सुरुवातीला चिडवायच्या, कनका, तुझ्याकडे मांजरं भाडं न देता राहतात म्हणून. हल्ली त्या नुसत्याच बघून आत जात. अप्पांनी त्याचे अंत्यविधी उरकायला तंजावरहून भटजी बोलावले, तर अम्मा म्हणाली, तुम्ही करा, दार मात्र मी लावणार नाही. अप्पांनी भटजींना दक्षिणा देऊन परत पाठवलं.

मग सहानाने मनावर घेतलं. अकरावीतली मुलगी, स्क्रिप्ट लिहायला शिकून वर्षही झालं नव्हतं आणि आंतरशालेय स्पर्धेत बक्षीस मारून आली होती. तिला आता न जमणारं असं काही उरलं नव्हतं. अम्माने सीनमधलं दार एकदा लावलं की खरंही लावेल, असं तिने अप्पांना छातीठोकपणे सांगून टाकलं होतं.

पण सीन पुढे सरकेना. कार्तिकेय फाटकापाशी गेला, मागे वळला आणि तसाच उभा राहिला. अम्मा दार धरून उभी. तो तिकडे, ही इकडे. लॅपटॉपच्या खालच्या पट्टीत तीच ओळ उमटत राहिली: थांबला आहे, थांबला आहे.

"अम्मा, दार ओढ ना. बटण दाबून आपल्याकडे ओढायचं."

"तो जाऊ दे की आधी."

"तू लावलंस की जाईल तो."

अम्माने हेडसेटसकट मान तिच्याकडे वळवली. "असं कसं, कण्णा? माणूस दिसतोय तोवर त्याच्या पाठीवर दार लावतात का?"

या घरातून कोणीही निघालं की ते वळणाआड जाईपर्यंत मागे कोणीतरी उंबऱ्यात उभं राहायचं. अप्पा ऑफिसला निघाले की ती स्वतःच उभी राहायची, दात घासत का होईना. आणि स्क्रिप्टमध्ये तिने लिहिलं होतं, दार लागलं की हा जाईल. अम्माचं म्हणणं, हा गेला की दार लागेल. दोघं एकमेकांसाठी अडलेली. असली चूक केली म्हणून ती नववीतल्या मुलांना हसायची.

"एवढंच ना? सोपं आहे," ती जरा मोठ्यानेच म्हणाली. ती अट काढून टाकायची आणि त्याला पुढे चालू द्यायचं.

तिने स्क्रिप्ट खालपर्यंत बघितली. गल्ली पूर्ण होती. स्कूटर, विजेचा खांब, वळणावरची भिंत, भिंतीवरचं निवडणुकीचं फिकं पोस्टरसुद्धा. कार्तिकेयची वाट मात्र फाटकाशीच संपत होती. त्याचे पाय सुधारताना, खांदा सुधारताना, सावली सुधारताना तिने तो सीन असंख्य वेळा चालवला होता, आणि दर वेळी तो फाटकापाशी पोचला की थांबवला होता. पुढचं नंतर करू म्हणून.

तिने अट काढली आणि वळणावर त्याच्या वाटेचा शेवटचा ठिपका ठेवला. बोट माऊसवर तसंच राहिलं.

"काय झालं?" अम्माने विचारलं.

"काही नाही. होतंय."

चपला घासल्याचा आवाज आला. कार्तिकेय फाटकाबाहेर पडला, उजवीकडे वळला, स्कूटरच्या बाजूने गेला. भिंतीआड आधी खांदा गेला, मग बॅग, मग मागची टाच. आवाज थोडा वेळ राहिला आणि तोही गेला.

अम्मा कितीतरी वेळ तिकडेच बघत होती.

"परत येताना कुठून येतो?"

सहानाने माऊस सोडला. "ते लिहिलेलं नाही मी, अम्मा."

"सरी, बरं," अम्मा म्हणाली. तिचा हात हवेत हळूहळू मागे आला. खालच्या पट्टीत नवी ओळ उमटली: दार लागलं. सीन कुठेही न अडखळता संपला.

अम्माने हेडसेट काढून टेबलावर ठेवला, त्यात अडकलेला एक केस सोडवला आणि स्वयंपाकघराकडे वळली. जाता जाता म्हणाली, "दार लावून घे गं. ऊन येतंय आत."

सहाना दारापाशी गेली. इतके महिने उघडं राहून ते खाली जमिनीला टेकलं होतं. तिने खांदा लावून ते अर्ध्यापर्यंत आणलं. बाहेर गल्लीत कोणी नव्हतं. आतून अम्माने पुन्हा हाक मारली. सहाना हो म्हणाली, आणि कडीवर हात ठेवून वळणाकडे बघत उभी राहिली.