बुंधा राहू दे

दोर बांधून झाला होता, करवतीत तेल भरलं होतं आणि बहीण झाडाच्या बुंध्याशी फतकल मारून बसली होती.

करवतवाला तिचा थोरला भाऊ. वादळात टेकडीच्या पायथ्याचं ते जुनं झाड रस्त्यावर कललं होतं आणि मुळासकट काढायचं काम त्याच्याकडे आलं होतं. बहीण टेकडीखालच्या रोपवाटिकेत कामाला होती. उघड्याबोडक्या टेकडीवर तिने लावलेली रोपं दोन उन्हाळे करपली होती. यंदाही करपली, तर टेकडी खडीच्या खाणीला जाणार होती.

तिने भावाला सगळं सांगितलं. या झाडाखाली आपसूक उगवलेली रोपं भर उन्हाळ्यातही टवटवीत असतात. वाटिकेच्या बाईंनी तिला भिंगातून कारण दाखवलं होतं. झाडाच्या मुळांभोवती बुरशीचे पांढरे धागे पसरलेले असतात. नव्या रोपांची मुळं त्यांना जोडली गेली, की लांबची ओल त्यांच्यापर्यंत पोचते. शिवाय वर्षानुवर्षं पाला कुजून माती भुसभुशीत झालेली. तिथली मूठभर माती रोपाच्या पिशवीत घातली, की ते तग धरायचं.

भावाला ते फारसं पटलं नाही. मुकादमाला काय सांगू, असं त्याने विचारलं.

"सांग, बहीण ऐकेना. खोटं नाही ते," ती म्हणाली. "खोड खुशाल ने, दादा. बुंधा आणि माती तेवढी राहू दे."

"आणि तुझी रोपं नाहीच जगली तर?"

"जगतील."

हा स्वर त्याच्या लहानपणापासून ओळखीचा होता. त्याने तिला बाजूला व्हायला लावलं, झाड कमरेएवढ्या उंचीवर कापलं आणि मुळं उपटायला आलेलं मशीन परत पाठवलं. मुकादमाची बोलणी खाल्ली. पुढची कामं दुसऱ्याला गेली. बहिणीला ते वहिनीकडून कळलं, तो स्वतः कधी बोलला नाही.

त्याच पावसात तिने बुंध्याभोवती रोपं लावली. मग तिथली माती टोपल्यांनी वर नेत, रोपं लावत ती टेकडी चढत गेली. काही मेली, बरीच जगली. खाण आली नाही.

भावाचे गुडघे गेले, करवत सुटली, तेव्हा एकदा ती त्याला हाताला धरून तिकडे घेऊन गेली. दाट सावलीत उभा राहून तो बुंधा शोधत होता.

"कुजला रे तो केव्हाच," ती म्हणाली. "तू उभा आहेस ना, तिथंच होता."

त्याने खाली पाहिलं. पावलाशी दोन पानांचं एक रोप होतं. त्याने काठी नीट टेकली आणि जपून पाय मागे घेतला.