तळ्याकाठचं गाऱ्हाणं

गुरुप्रसाद माझा सख्खा पुतण्या. त्याने माझं पाणी चोरलं आणि वर बाग करायला मलाच बोलावलं.

"काका, तळ्याभोवती बाग करूची आसा. पर्यटक येतले, फोटो काढतले. तुमच्याशिवाय कोणाक जमतला?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. व्हाळाचा, म्हणजे ओढ्याचा, पाट माझ्या आज्यापासून आमच्या पोफळींना पाणी देतोय. दिवाळीनंतर या शहाण्याने पाटाचं तोंड चिरे आणि माती टाकून बुजवलं, पाइप घातला आणि सगळं पाणी आपल्या नव्या तळ्यात वळवलं. माघ उजाडेपर्यंत माझ्या दीडशे पोफळींनी माना टाकल्या. भांडायला गेलो तर म्हणतो, "कागद दाखवा." ओरोसला जिल्ह्याच्या कचेरीत तीन खेपा घातल्या. तिथले साहेब म्हणाले, "दाजी, वहिवाटीची लेखी नोंदच नाही." मग मी पुतण्याला म्हणालो, "बरा, करतंय."

काशीबाई, माझी बायको, दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी एवढंच म्हणाली, "लाज खंय ठेवलात?" मी कुदळ घेऊन तळ्याकडे निघालो. सूड घ्यायचा तर तोंड बंद ठेवावं लागतं.

बाग मात्र अशी केली की वैऱ्यानेही बघत राहावं. चुन्याची फक्की टाकून वाटा आखल्या. पाण्यात कमळं, काठाला अळू आणि कर्दळ, मागे केवडा. एकही झाड कमी पाण्यावर जगणारं लावलं नाही. आणि सगळ्या वाटा आणून सोडल्या त्या बुजवलेल्या पाटाच्या तोंडाशी. तिथे छोटा ओटा बांधला. "हंय गाऱ्हाणा घालूया," मी म्हणालो. गुरुप्रसाद खूश.

आमच्याकडे नवं काही सुरू करताना देवाला गाऱ्हाणं घालतात. एकाने मागायचं, बाकीच्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. गावात मागायचा मान आमच्या घराचा, म्हणून मागणारा मीच. त्या दिवशी सगळी वाडी जमली. गावातला सर्वांत म्हातारा बाबली गावकरही काठी टेकत आला. गुरुप्रसाद हात जोडून, डोळे मिटून पुढे उभा.

"बा देवा म्हाराजा, तुझ्या लेकरान ही बाग केली, तिका राखण दी रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"पावण्यांची रीघ लागांदे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा." गुरुप्रसादचा आवाज सगळ्यांच्या वर.

"आणि ह्या तळ्यात दाजीच्या पाटाचा पाणी इलेला आसा. जेचा तेका आजच्या आज परत दी रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

गुरुप्रसादही सवयीने म्हणून गेला, तेही सगळ्यांच्या वरच्या आवाजात. मग डोळे उघडले.

"काका, ही लबाडी आसा."

"देवासमोर तूच व्हय म्हटलंस," बाबली गावकर म्हणाला. "आता पाट मोकळो कर."

कागद नाही म्हणून ओरोसच्या कचेरीत सुटता येतं; पण देवाला दिलेला शब्द मोडून या गावात राहता येत नाही, हे त्यालाही ठाऊक. वाडीतल्या चौघांनी झाडं लावायला आणलेल्या कुदळींनीच चिरे उपटले, पाइप काढला. पाणी माझ्या बागेकडे सुटलं. मी मात्र गुरुप्रसादचं तोंड बघत उभा राहिलो. पोटभर बघून घेतलं.

चैत्रात तळ्याचा तळ दिसला. कमळं चिखलात कुजली, केवडा करपला. माझ्याच हातची झाडं. मी रोज मुद्दाम तिकडून जायचो आणि मला बरं वाटायचं. माझ्या शंभरेक पोफळी वाचल्या.

परवा देवळात गाऱ्हाणं घातलं, साधंच, पिकापाण्याचं. पहिलं मागणं मागून थांबलो. कोणी बोलेना. मी नेमकं काय मागितलं, ते प्रत्येकजण मनात तपासून बघत होता. मग कुठे बाबली हळूच "व्हय म्हाराजा" म्हणाला आणि त्याच्यामागून बाकीचे. चार पिढ्यांत आमच्या घराच्या शब्दापुढे गाव असं अडलं नव्हतं. लाज वाटली, खोटं कशाला बोलू. पण उद्या त्याने पुन्हा पाट बुजवला, तर मी पुन्हा हेच करीन.