तिमिरा ऐकतेय

अर्णवने पाचवं चित्र उचलून दिगंबररावांच्या डोळ्यांसमोर धरलं. छत्री. दिगंबररावांनी छत्रीकडे पाहिलं, खिडकीबाहेरच्या कोरड्या ठणठणीत आभाळाकडे पाहिलं, आणि आता हिचं काय काम अशा नजरेनं चित्र डाव्या हातानं परत सरकवलं. उजवा हात मांडीवर पडला होता, कुणीतरी विसरून गेल्यासारखा.

सहावं चित्र नव्हतं, फोटो होता. मराठी मंडळाच्या हळदीकुंकवातला, दिगंबररावांच्या बायकोचा, शकुनताईंचा.

अर्धांगवायूच्या झटक्यानं वाचा गेलेल्या माणसांना पुन्हा बोलतं करणं हा अर्णवचा धंदा. कोलकात्यातल्या न्यू टाउनच्या त्या सातव्या मजल्यावर तो आठवड्यातून तीनदा येई, हिंदीत बंगाली कालवून बोले, शकुनताईंना मासिमा, म्हणजे मावशी, म्हणे, आणि शकुनताई त्याचं मराठी करून नवऱ्याच्या कानात घालत. फोटोचा हा एक प्रश्न मात्र त्या कधी मराठीत आणत नसत. अर्णवने फोटोवर बोट ठेवलं, मग शेजारी बसलेल्या शकुनताईंकडे बोट केलं आणि यांचं नाव काय म्हणून विचारलं.

दिगंबररावांनी ओठ घट्ट मिटले.

अर्णवने कागदावर फुली मारली. अडीच महिन्यांत त्या रकान्यात फुल्यांची माळ झाली होती. शकुनताई चहा टाकायला उठल्या.

बरं, तोंडातून शब्दच फुटत नव्हता म्हणावं तर तसंही नव्हतं. गेल्याच आठवड्यात मुलानं, अजेयनं, मोबाइलवर कुठूनतरी जुनी मालिका शोधून टीव्हीवर लावली होती. पडद्यावर काळ्या आरशातून धूर निघाला, धुरातून गुडघ्यापर्यंत केस सोडलेली बाई निघाली, आणि दिगंबरराव स्वच्छ, खणखणीत आवाजात म्हणाले, "तिमिरा."

अजेय आनंदानं रडला. शकुनताई स्वयंपाकघरात मऊ भात घोटत होत्या, त्यांनी तो इतका घोटला की त्याची खळ झाली.

तिमिरा ही काही आजची सवत नव्हे. तीस वर्षांपूर्वी, बँकेनं तीन वर्षांसाठी म्हणून कोलकात्यात धाडलेलं हे बिऱ्हाड इथेच रुजलं, तेव्हापासूनची. दर रविवारी सकाळी अकराला ही चेटकीण टीव्हीत यायची. एका राजपुत्रावर तिचा जीव, आणि तो जीव असा जळका की त्याच्या आसपास बाई म्हणून टिकायची नाही. एस्प्लनेडच्या शाखेत आठवडाभर भुवई न हलवणारा हा माणूस रविवारी दहालाच आंघोळ करून, धुतलेला लेंगा घालून टीव्हीसमोर बसे. चेटकिणीला भेटायला धुतलेला लेंगा! शकुनताई तो अर्धा तास मुद्दाम पाट्यावर वाटण घेऊन बसत आणि तिमिरेच्या प्रत्येक हसण्याला वरवंटा आपटत. मालिकेचा एकही भाग त्यांनी कधी पुरता पाहिला नाही.

शेवटी एका रविवारी त्यांनी हातात मीठ-मोहऱ्या आणि सात सुक्या मिरच्या घेतल्या आणि सरळ टीव्हीची दृष्ट काढली. आल्या-गेल्याची, पापी चांडाळणीची म्हणत तीनदा उतरवून सगळं शेगडीत टाकलं. मोहऱ्या अशा तडतडल्या की खालच्या मजल्यावरचे चॅटर्जीबाबू बाँब फुटला म्हणून रस्त्यावर पळाले. आणि खोटं वाटेल, पण त्याच संध्याकाळी टीव्हीनं ठिणगी टाकली आणि मान टाकली. दुरुस्तीवाल्याला आत भाजलेली पाल सापडली. मंडळात हा किस्सा सांगताना शकुनताई ती पाल दर वर्षी दोन बोटं वाढवत. अलीकडे ती घोरपडीएवढी झाली होती. दिगंबररावही हसत. "अगं, पुरे," एवढंच म्हणत.

अगं. चव्वेचाळीस वर्षं तेच. सासूबाईंच्या घरात नवऱ्यानं बायकोला नावानं हाक मारायची रीत नव्हती. रीतही गेली, सासूबाईही गेल्या, हाक तीच राहिली. नाव घेतलं होतं एकदाच, लग्नात, जिलबीचा घास भरवताना, उखाण्यात. पण नेमक्या त्या क्षणी बँडवाल्यानं तुतारी अशी काही फुंकली की सगळा मांडव हसला आणि नवरीला काही ऐकूच आलं नाही. तेव्हा वाटलं होतं, काय घाई आहे, आयुष्य पडलंय.

आता त्या चेटकिणीचं नाव आलं, आपलं येईना.

अर्णवच्या त्या फुलीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी अजेय ऑफिसात होता. शकुनताईंनी दिगंबररावांना भरवलं, तोंड पुसलं, आणि पदर खोचून स्वतःच मालिका लावली. आज बघतेच, अशी काय आहे ती. आयुष्यात पहिल्यांदा त्या त्यांच्या शेजारी सोफ्यावर टेकल्या.

आरसा कचकड्याचा होता. तिमिरेचा केसांचा टोप मानेजवळ सुटलेला दिसत होता. राजपुत्रानं बागेतल्या माळणीला नावानं हाक मारली. काळ्या आरशात तिमिरेनं कान टवकारले, तेच नाव पुटपुटली, आणि माळणीच्या जागी एक पाकोळी उडू लागली. तिचा दोरा चक्क दिसत होता. मग दासीची पाळी आली, मग मंत्र्याच्या मुलीची. राजपुत्राच्या तोंडून जिचं नाव निघे, ते तिमिरेच्या कानी पडे, आणि ती बाई पाकोळी होऊन दिव्यावर जाऊन जळे.

एवढा पोरखेळ. शकुनताईंना हसू आलं. त्या दिगंबररावांकडे वळल्या. त्यांचा गाल हातानं आपल्याकडे फिरवला.

"अहो, एकदाच," त्या म्हणाल्या. "कागदावर मांडायला नको, त्या पोराला सांगायला नको. मला ऐकायचंय. म्हणा, शकुन. श..."

दिगंबररावांचा डावा हात झडप घातल्यासारखा आला आणि शकुनताईंच्या तोंडावर बसला.

हाताला दुपारच्या वरणाचा वास होता. डोळे मोठे करून ते टीव्हीकडे बघत होते, जिथे तिमिरा आरशातून अर्धी बाहेर वाकली होती, आणि मान हलवत होते. नाही. नाही. शकुनताईंनी तो हात बाजूला केला नाही. भाग संपून नावांच्या पाट्या सरकू लागल्या तरी त्या तशाच बसून राहिल्या, त्यांच्या तळव्याच्या आड, मिटल्या तोंडानं.

मग त्यांनी रिमोट घेतला. लाल बटणावर अंगठा ठेवला. बराच वेळ तो तिथेच होता. बंद पडद्यासमोर विचारलं आणि तेव्हाही ते गप्प राहिले तर... रिमोट त्यांनी हळूच उशीखाली सरकवला. पुढचा भाग आपोआप सुरू झाला.

अर्णव आला तेव्हा त्यांनी हे सगळं त्याला सांगितलं, हात कसा आला ते करूनही दाखवलं. पोरगा हरखला. हे तर फार चांगलं लक्षण आहे, म्हणाला. गोष्ट समजतेय, धोका समजतोय, म्हणजे नाव आत असणारच, नक्की असणार. त्यानं छत्री-बित्री बाजूला ठेवली, कागदावरची फुल्यांची माळ पालथी घातली आणि खुर्ची पुढे ओढली.

"मासिमा, सोपं आहे. टीव्ही बंद करू आणि विचारू. ती नसली की भीतीही नाही. दोन मिनिटांत कळेल."

तो रिमोट शोधू लागला. टीपॉयवर पाहिलं, सोफ्याच्या फटीत पाहिलं. दिगंबरराव पडद्याकडे बघत होते, धुतलेल्या लेंग्यात, ओठ मिटून, पहाऱ्यावर बसल्यासारखे.

शकुनताईंनी उशीखालून रिमोट काढला. अर्णवने हात पुढे केला. त्यांनी तो दिला नाही.

"राहू दे," त्या म्हणाल्या.

"पण मासिमा, कळायला नको का?"

"नको. तिला असू दे घरात."

आणि त्यांनी आवाज दोन घरं वाढवला.