एका कान्याची बॅटरी

सगळे ज्याला ठिणगी म्हणायचे, त्याने आयुष्यात दोनच गोष्टी मन लावून केल्या. एक गाड्यांचं वायरिंग, दुसरी माणसांची थट्टा. पन्नाशी उलटली तरी दोन्हीतलं एकही सुटलं नव्हतं. वर्कशॉपच्या बेलला त्याने ट्रकचा हॉर्न जोडून ठेवला होता. नवं गिऱ्हाईक बटण दाबायचं, हातभर उडायचं आणि हा आत पोट धरून हसायचा.

पण गेले तीन आठवडे गडी गंभीर होता. म्हणजे त्याच्या मानाने. कारण दारात थोरल्या बहिणीची, ताईची, गाडी उभी होती.

ताईने जुनी डिलिव्हरी व्हॅन घेतली होती. आत पलंग, छोटा ओटा, बेसिन, एका शेगडीचा गॅस, सगळं बसवून घेतलं आणि एके दिवशी जेवताना जाहीर केलं, "सहा महिने घराला कुलूप. चाळीस वर्षं मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून शेजाऱ्याची भिंत बघतेय. त्या भिंतीवरचा एकेक डाग मला पाठ झालाय."

भाऊजी नाही म्हणाले नाहीत. फक्त अट घातली. भाऊजी कारखान्यात टाइमकीपर होते. कोण किती वाजून किती मिनिटांनी आला, हे लिहिण्यात त्यांची उमर गेली. निवृत्त झाले तरी खिशातली वही काही निवृत्त झाली नव्हती.

"दोन दिवस गाडीत राहायचं," ते म्हणाले. "शनिवारी सकाळी आठ ते सोमवारी सकाळी आठ. प्लग लावायचा नाही, इंजिन चालू करायचं नाही. तेवढ्यात फ्रीज एकदा जरी बंद पडला, तर व्हॅन विकायची. घेणारा तयार आहे."

ताईचा चेहरा एवढासा झाला. पण वाद कशाचा घालणार? फ्रीजमध्ये भाऊजींचं इन्सुलिन असणार होतं. मग तिने ठिणगीला बाजूला घेतलं. "हे बघ गाढवा, आयुष्यभर उंडारलास. हे एक काम नीट कर."

ठिणगीने नीटच केलं. गाडीतली वीज म्हणजे सोपं गणित. कोणती वस्तू किती वॅट खाते आणि किती वेळ चालते, याचा गुणाकार करायचा. त्यावरून बॅटरी केवढी आणि टपावर सोलर केवढं, ते ठरतं. वॅट आणि वेळ यांचा मेळ चुकला की वाट लागते. म्हणून त्याने एक तक्ता आखला. पहिल्या रकान्यात वस्तू, दुसऱ्यात 'वेळ'. दोघांना एकेक प्रत दिली.

ताईने सगळीकडे 'पाच मिनिटं' लिहिलं. शिलाई मशीन, पाच मिनिटं. केस वाळवायचं यंत्र, पाच मिनिटं. ठिणगी तिला लहानपणापासून ओळखत होता. ताईच्या पाच मिनिटांत माणूस दाढी वाढवून परत काढेल. त्याने तिच्या प्रत्येक आकड्याला गुपचूप नवाने गुणलं. भाऊजींच्या कागदाला मात्र हात लावला नाही. 'पंखा, चार तास दहा मिनिटं. विजेची किटली, तीन मिनिटं.' घड्याळावर डोळे मिटून विश्वास ठेवावा तसा ठेवला. मग बॅटरी अशी बसवली की दोन दिवस ऊन पडलंच नाही तरी फ्रीजला धक्का लागू नये.

शनिवारी आठ वाजता वर्कशॉपच्या मागच्या अंगणात परीक्षा सुरू झाली. आभाळ नेमकं भरलेलं. ठिणगी खुशीत होता. "राहू दे ढग! त्यांनापण कळू दे कोणाशी गाठ आहे."

रविवारी सकाळी तो मीटर बघायला गेला आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. निम्म्याच्या वर हवी होती, तिथे बॅटरी पंचवीस टक्क्यांवर. अजून आख्खा दिवस बाकी. या वेगाने फ्रीज संध्याकाळीच डोळे मिटणार.

ताई अंगणात दात घासत होती, भाऊजी फेरी मारायला गेले होते. वर्कशॉपच्या प्लगपासून गाडी दहा पावलांवर. गाडीखालून एक वायर ओढायची, कोणाला कळणार? असले उद्योग ठिणगीच्या डाव्या हातचा मळ. त्याने वायर उचललीसुद्धा. मग फ्रीज उघडून बघितला. आत त्या तीन छोट्या बाटल्या. उद्या हे दोघं कुठल्यातरी आडरानात असतील, तिथे याची वायर थोडीच पोचणार होती? त्याने वायर गुंडाळून ठेवली.

भाऊजी आल्यावर म्हणाला, "भाऊजी, गडबड आहे. पंचवीस टक्केच उरलंय."

ताईच्या हातातला ब्रश तसाच राहिला.

भाऊजींनी शांतपणे वही काढली. "काल काय काय चाललं, सगळं टिपलंय. बघा."

ठिणगी वाचू लागला. किटली, आठ दहा ते आठ तेरा. किटली, नऊ पाच ते नऊ आठ. किटली. किटली. किटली...

"अकरा वेळा?"

"डॉक्टरांनी सांगितलंय, दिवसभर घोट घोट गरम पाणी."

"मग कागदावर तीन मिनिटं कशी?"

"तीनच लागतात. एक सेकंद जास्त नाही. तुम्ही 'वेळ' विचारलीत, मेहुणे. 'किती वेळा' कुठे विचारलंत?"

ठिणगीच्या डोक्यात प्रकाश पडला. इतिहासातल्या बाईने 'ध'चा 'मा' केला म्हणतात. इथे तर 'वेळा'तला एक काना राहिला आणि तेवढ्यात बॅटरीचा फन्ना. तो जो हसत सुटला, तो पायरीवरच बसला.

"हसतोस काय मेल्या!" ताई ओरडली. "माझी गाडी जातेय!"

"नाही जात. किटली आणि मशीन बंद. गॅसवर पाणी ठेव. आणि त्यांच्यासाठी बसवलेला हा इन्व्हर्टरही बंद. नुसता चालू ठेवला तरी बसून खातो, मुक्कामी आलेल्या पाहुण्यासारखा. फ्रीज थेट बॅटरीवर आहे, त्याला हा लागत नाही."

"पण हे नियमात बसतं का?" ताईने नवऱ्याकडे बघितलं.

भाऊजींनी विचार केला. "अट फ्रीजची होती. किटलीची नव्हती." मग जरा खालच्या आवाजात, "आणि विचारलं नाही तरी मी सांगायला हवं होतं."

उरलेला दिवस दोघांनी दार उघडं टाकून, पंख्याशिवाय, पत्ते खेळत काढला. दुपारी ढगांतून थोडं ऊन झिरपलं, तेव्हा ताईने टपाकडे बघून टाळ्या वाजवल्या. भाऊजी तीन डाव हरले आणि तेही वहीत लिहिलं.

सोमवारी आठला ठिणगी पोचला. मीटरवर नऊ टक्के. फ्रीज गुरगुरत होता. भाऊजींनी एक बाटली काढून गालाला लावली.

"थंड आहे," ते म्हणाले आणि फोन काढला. "हॅलो? हो, व्हॅनबद्दलच. नाही, नाही विकायची. बायको देत नाही म्हणा हवं तर. खरं म्हणजे मीच देत नाही."

ताईने त्यांच्याकडे बघितलं. मग पदराने उगाचच ओटा पुसायला लागली.

"एक नट आवळून देतो," म्हणत ठिणगी पलंगाखाली शिरला. बॅटरीशी त्याचं काम चाललं असतानाच दार धाडकन लागलं, इंजिन घरघरलं आणि गाडी हलली.

"अहो! मी आत आहे!"

"माहीत आहे," पुढून भाऊजींचा आवाज आला. पहिल्यांदाच त्यांच्या आवाजात खोडी होती.

ताई खिदळत होती. ठिणगी धूळ झटकत बाहेर आला आणि खिडकीशी बसला. वर्कशॉप मागे गेलं, गल्ली संपली, रस्ता रुंद झाला.

"थांबवायला सांगू का रे?" ताईने विचारलं.

"जाऊ दे अजून थोडं," ठिणगी म्हणाला आणि पाय लांब केले.